कोतवाल बुकात नसलेला रकाना

मुलुखाची लोकसंख्या जन्म, मृत्यू, येणारे आणि जाणारे या चौघांनीच हलते. मागच्या शिरगणतीत जन्म मिळवावेत, मृत्यू वजा करावेत. उत्तर नव्या शिरगणतीशी जुळले नाही, तर फरक बहुतांशी स्थलांतराचा.

वऱ्हाडात पहिली शिरगणती 1867 मध्ये झाली. जन्म-मृत्यूची वर्दी गावचा कोतवाल देई. त्या नोंदींना बुलढाण्यात आजही 'कोतवाल बुक' म्हणतात आणि जातपडताळणीसाठी तहसीलीतून त्यांच्या नकला काढतात. बाळाचे नाव त्यात बहुधा नसतेच. बापाचे नाव, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच. गाव सोडून गेलेल्यासाठी तर रकानाच नाही.

1901 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात 4,23,616 माणसे मोजली गेली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे 12 टक्के कमी. (1905 मध्ये खामगाव आणि जळगाव तालुके अकोल्यातून इकडे आले, त्यामुळे हा आकडा पुढच्यांशेजारी सरळ मांडता येत नाही.) 1900 च्या सुमाराच्या छप्पन्नच्या दुष्काळात मृत्यू वाढले तसे जन्मही घटले. अशा वर्षाची पिढी विरळ राहते आणि ती विरळता वयाबरोबर पुढे सरकते: 1900 ची खाच 1920 मध्ये विशीच्या वयात दिसते. त्यात 1918 ची मानमोडी (इन्फ्लुएंझाची साथ) ऐन तरुणांवर आली. नुसत्या एकूण आकड्यावर भाकीत करणारा इथेच फसतो.

म्हणून प्रक्षेपणात, म्हणजे पुढच्या लोकसंख्येच्या अंदाजात, पाच-पाच वर्षांचे वयोगट, स्त्री-पुरुष वेगळे, जगण्याच्या प्रमाणाने पुढे सरकवतात. जन्म 15 ते 49 वयाच्या स्त्रियांवरून काढतात. बुलढाण्यात शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे 2011 मध्ये 900 हूनही कमी मुली होत्या. पुढच्या मातांची ही तूट आधीच ठरलेली आहे.

2001 ते 2011 मध्ये जिल्हा 22,32,480 वरून 25,86,258 वर गेला. वाढ दिसते, पण तिच्या आड म्हातारपण वाढत असते. समाज म्हातारा होतो तो आधी जन्म घटल्याने, आयुष्य लांबल्याने नंतर. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी 1.7 मुले होती. पिढी टिकायला 2.1 लागतात. त्यात तरुण पुण्या-मुंबईकडे जातात, आईवडील शेताशी राहतात. गाव जन्म-मृत्यूच्या हिशेबाहून लवकर पिकते.

2021 ची जनगणना वेळेवर झाली नाही. त्यामुळे 2011 मध्ये सहा वर्षांची असलेली जिल्ह्यातल्या मोताळ्याची मुलगी प्रक्षेपणात अजून जुन्याच दराने गाव सोडते.