को-पे: खिशाला बसणाऱ्या झळीचा हिशोब

आरोग्य विम्याच्या कागदांत 'को-पे २० टक्के' अशी ओळ कधी पाहिलीय? म्हणजे मंजूर बिल १ लाखाचं असेल, तर २० हजार तुमचे आणि ८० हजार कंपनीचे. यामागचा युक्तिवाद जुनाच आहे: फुकट मिळालं की माणूस उगाच डॉक्टरकडे धावतो, खिशाला झळ बसली की विचार करतो. पण हे खरं का? अमेरिकेत हे चक्क तपासून पाहिलं गेलं, आणि आज मी तीच गोष्ट सांगणार आहे.

काळ १९७० च्या दशकाचा. सगळ्यांसाठी राष्ट्रीय विमा आणावा का, यावर तिथे जोरात वाद चालू होता. सरकारी पैशातून 'रँड' या संस्थेने १९७४ साली प्रयोग सुरू केला. प्रमुख होते अर्थतज्ज्ञ जोसेफ न्यूहाऊस. सहा ठिकाणची साडेसात हजारांवर माणसं निवडली आणि कोणत्या कुटुंबाला कोणता विमा, हे जवळपास चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. काहींना उपचार पूर्ण मोफत. बाकीच्यांना बिलाचा २५, ५० किंवा ९५ टक्के वाटा स्वतः भरायचा. पण वर्षाच्या खर्चाला उत्पन्नाप्रमाणे कमाल मर्यादा होती.

१९८२ पर्यंत प्रयोग चालला. वाटा भरणारे लोक डॉक्टरकडे कमी गेले, खर्चही घटला. सर्वसाधारण माणसाच्या तब्येतीवर त्याचा फारसा वाईट परिणाम दिसला नाही. झालं, को-पेवाले जिंकले म्हणायचे?

थांबा, खरी गोम पुढे आहे. लोकांनी फक्त अनावश्यक फेऱ्या टाळल्या नव्हत्या. गरजेचे आणि बिनगरजेचे, दोन्ही उपचार साधारण सारखेच कमी झाले. आणि ज्यांना आधीच रक्तदाबाचा त्रास होता अशा गरीब लोकांचा रक्तदाब मोफत गटात जास्त आटोक्यात राहिला.

मला यातून एवढंच कळतं: दुखणं साधं की गंभीर, हे डॉक्टरकडे गेल्यावर कळतं, झळ मात्र दाराबाहेरच बसते. म्हणून आई-बाबांसाठी पॉलिसी घेताना नुसता हप्ता बघू नका. को-पे किती टक्के, आणि आपल्या वाट्याला काही कमाल मर्यादा आहे का, हे आधी विचारा. त्या प्रयोगातल्या कुटुंबांना ती मर्यादा होती. तुमच्या पॉलिसीत आहे?