काउचडीबी समक्रमण
संगणक व मोबाइल यांवरील दस्तऐवजी विदासंचाच्या प्रती एकसारख्या राखण्याची पद्धत. लोटस नोट्सवर काम केलेल्या डेमियन कॅट्झ यांनी २००५ मध्ये काउचडीबी ही विदासंच-प्रणाली लिहायला घेतली. २००८ मध्ये ती अपाची प्रतिष्ठानचा स्वतंत्र प्रकल्प झाली. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तिच्या जोडीला पाउचडीबी ही तशीच प्रणाली चालते.

प्रत्येक दस्तऐवजाला ओळखखूण व आवृत्तिखूण असते. मागचे समक्रमण कुठवर झाले, याची नोंद पाहून राहिलेल्याच आवृत्त्या पाठवल्या जातात. त्यामुळे जोडणी मध्येच तुटली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. खोडलेल्या दस्तऐवजाचीही ‘खोडला’ अशी आवृत्ती मागे राहते. एरवी तो दुसऱ्या प्रतीतून परत उगवला असता.

जोडणी नसताना दुकानदाराने मोबाइलवर साखरेचा भाव ४४ आणि मुलाने संगणकावर ४५ रुपये केला, तर संघर्ष उद्भवतो. दोन्ही यंत्रे एकाच नियमाने विजेती आवृत्ती ठरवतात : ज्या आवृत्तीचा इतिहास लांब ती, बरोबरी झाल्यास जिची खूण क्रमाने मोठी ती. हरलेली आवृत्ती पुसली जात नाही. खरा भाव कोणता, हे मात्र माणसानेच ठरवायचे असते.