कोपऱ्यावरचे दुकान आणि राज्याचे माप

बंगळूरच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरवर देवनहळ्ळी हे तालुक्याचे गाव आहे. आज त्याची ओळख २००८ साली सुरू झालेल्या विमानतळामुळे सर्वतोमुखी झाली असली, तरी इतिहासाच्या अभ्यासकाला ते आठवते ते किल्ल्यामुळे. १७४९ साली म्हैसूरच्या फौजेने या किल्ल्याला वेढा घातला, त्या लढाईत हैदर अली नावारूपाला आला. आणि पुढे एक-दोन वर्षांतच याच गावी त्याचा पुत्र टिपू जन्मला. किल्ल्याच्या तटाच्या आत अजून वस्ती आहे, आणि वस्ती म्हटली की दुकान आलेच. किराणा मालाच्या लहानशा दुकानाला कानडीत ‘चिल्लरे अंगडी’ म्हणतात. चिल्लर म्हणजे मोड, किरकोळ जिन्नस. परंतु ज्याला आपण किरकोळ म्हणतो त्याचाच इतिहास पुष्कळदा मोठा असतो.

राजाचे फर्मान प्रजेपर्यंत पोहोचते कोठे? दरबारात सामान्य मनुष्य जात नाही, कचेरीत तो वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी जातो. दुकानात मात्र तो रोज जातो. तेथे त्याच्या हातात राज्याचे नाणे असते आणि समोर राज्याने मान्य केलेले माप असते. नाणे खरे आहे काय आणि माप पुरे आहे काय, या दोन प्रश्नांतच सामान्य गिऱ्हाइकाचे राज्यशास्त्र सामावलेले असते. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला आणि दर चार महिन्यांनी मापे तपासून घेण्याचा नियम घातला, तो उगीच नव्हे.

देवनहळ्ळीत जन्मलेल्या टिपूने (राज्यकाल १७८२ ते १७९९) नाणे आणि व्यापार या दोहोंत हात घातला. त्याच्या आधी या मुलखात कंठीरव पणम हे इवलेसे सोन्याचे नाणे रूढ होते. टिपूने आपल्या नाण्यांना इस्लामी परंपरेतील पूज्य पुरुषांची नावे दिली. त्याचा दोन रुपयांचा हैदरी, रुपयाचा इमामी, मग अर्ध्याचा आबिदी, पावल्याचा बाकिरी, आणि असे निम्मे निम्मे करीत रुपयाच्या बत्तिसाव्या हिश्श्याचा खिज्री. नावे नवी होती, परंतु त्यामागची रीत जुनी आणि बाजारातली होती. प्रत्येक नाणे मागच्याच्या निम्मे. १७९३-९४ च्या आज्ञापत्रात त्याने राज्यात तीस आणि परमुलखांत सतरा सरकारी कोठ्या ठरविल्या, आणि रयतेने त्यांत पैसा ठेवावा म्हणून नफ्याचे दरही जाहीर केले. पाचशे इमामींपर्यंत ठेवणाऱ्यास शेकडा पन्नास, पाच हजारांपर्यंत पंचवीस, त्यावर बारा. लहान माणसाला अधिक नफा देऊ करणारी ही योजना नवलाची खरी. परंतु तीमागचा राजाच १७९९ साली रणांगणात पडला, आणि इमामी व खिज्री ही नावे बाजारातून लोपली.

निम्मे निम्मे करण्याची रीत मात्र लोपली नाही. कारण ती कोणा राजाची नव्हती; ती गिऱ्हाइकाची होती. कानडी मुलखात पावु, अच्चेरु आणि सेरु. दोन पावु म्हणजे अच्चेरु, दोन अच्चेरु म्हणजे सेरु. महाराष्ट्रात दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. ज्या बाईला अक्षरओळख नाही तीही दुकानदाराला म्हणू शके, “तुझे मापटे लबाड वाटते, त्यात दोन चिपटी ओतून दाखव.” पुरावा तेथल्या तेथे, डोळ्यांदेखत. नाण्याचेही तसेच. १८३५ साली कंपनी सरकारने चालू केलेला रुपया बरोबर एक तोळ्याचा, १८० ग्रेनचा होता, आणि ऐंशी तोळ्यांचा शेर. म्हणजे पारड्यात रुपये टाकून शेराची परीक्षा करता येई. पैशाने वजन तपासावे आणि वजनाने पैसा, अशी ती परस्परांना धरून असलेली व्यवस्था होती.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिचे दोष विसरून चालणार नाही. १८०० साली फ्रान्सिस ब्यूकॅनन म्हैसूर प्रांतात फिरला, तेव्हा त्याने ठिकठिकाणची मापे निरनिराळी नोंदविली. एका पेठेतला शेर दुसऱ्या पेठेत शेर राहत नसे. कच्चा शेर, पक्का शेर, घेण्याचा शेर, देण्याचा शेर! शिवाय माप शिगोशीग भरायचे की फळीने सपाट करायचे, हा वाद रोजचाच. शेतकऱ्याकडून धान्य घेताना शीग लावायची आणि मोलकरणीला विकताना माप सपाट करायचे, यात कित्येकांच्या माड्या उभ्या राहिल्या. आपल्या गावात चतुर असलेले गिऱ्हाईक परगावी आंधळे होई. घरच्या मापाची खात्री आणि बाहेरच्या जगाची भीती, असा हा सौदा होता.

स्वतंत्र भारताने हा सौदा मोडावयाचे ठरविले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आणा सव्वासहा नव्या पैशांचा. परंतु सव्वा पैसा टाकसाळीत पडत नाही. म्हणून सरकारी तक्त्याप्रमाणे एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे ठरले. आण्याची वस्तू तीनदा घेतली तर अठरा, एकदम घेतली तर एकोणीस! हिशेब कायदेशीर होता. पण ज्या गिऱ्हाइकाचा सारा व्यवहार आण्या-दोन आण्यांचाच, त्याला या एका पैशात कोणाची तरी लबाडी दिसली. सरकारवर रागावणार कसे? समोर दुकानदार होता.

तेवढ्यात वजनेही बदलली. १९५६ च्या कायद्याप्रमाणे १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला, आणि एप्रिल १९६२ पासून मेट्रिक वजने देशभर सक्तीची झाली. शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. किलो त्याहून ६७ ग्रॅमने अधिक. तेव्हा शेराचा भाव किलोला लावताना तो शेकडा सात वाढणे न्याय्यच होते. परंतु वाढलेला भाव लगेच कळतो. वाढलेले ६७ ग्रॅम डोळ्यांना दिसत नाहीत. त्याच १९६२ साली निघालेला नवा रुपया दहा ग्रॅमचा होता. तोळ्याचा आणि रुपयाचा सव्वाशे वर्षांचा संसार असा निमूटपणे संपला.

आता गिऱ्हाइकाने विश्वास ठेवायचा तो कशावर? दोन चिपट्यांवर नव्हे, तर मोहरेवर. लोखंडी षटकोनी वजनाच्या पोकळीत शिसे भरलेले असते आणि त्या शिशावर निरीक्षकाचा ठसा असतो. देवनहळ्ळीतला किलो आणि देवगडातला किलो एकच, ही त्या ठशाची ग्वाही. हा लाभ लहान नव्हे. घाटावरचा मजूर मुंबईत आला तरी त्याचे माप आता कोणी बदलू शकत नाही. परंतु परीक्षेचा अधिकार गिऱ्हाइकाच्या हातून निसटून कचेरीकडे गेला, हेही तितकेच खरे. पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, १९९० पासून पाकिटावर सर्व करांसह कमाल किंमत छापणे आवश्यक झाले. २००९ च्या वजनमाप कायद्याने मिठाई खोक्यासकट तोलण्यासही आडकाठी केली. कायद्याने एका हाताने घेतलेले दुसऱ्या हाताने परत देण्याचा हा प्रयत्न होय. मात्र हे हक्क ज्याला वाचता येतात त्यालाच वापरता येतात.

तरीही जुनी रीत बोलण्यातून गेलेली नाही. दशमान वजनांत पाचशे, दोनशे, शंभर, पन्नास अशी वजने असतात. अडीचशे ग्रॅमचे वजन त्यांत नाही. गिऱ्हाईक मात्र ‘पाव किलो’च मागते, आणि दुकानदार मुकाट्याने दोनशेवर पन्नास ठेवतो. राज्याचा दहाचा हिशेब आणि लोकांचा निम्म्याचा हिशेब यांचा तो समेट आहे. तो कोणत्याही राजपत्रात प्रसिद्ध झालेला नाही.

मोडीच्या बाबतीत असा समेट झाला नाही. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैसे व त्याखालची नाणी बंद झाली. त्याच्या आधीपासूनच सुट्या पैशांऐवजी गिऱ्हाइकाच्या हातावर गोळी ठेवण्याचा प्रघात पडला होता. दुकानदाराने दिलेली गोळी हेच नाणे. मात्र गिऱ्हाइकाने दिले तर दुकानदार ते घेत नसे! आज भ्रमणध्वनीवरून पैन् पै चुकती होते आणि हा वाद मिटत चालला आहे. चिल्लरे अंगडीतून चिल्लरच नाहीशी होऊ लागली आहे.

महाराष्ट्रात धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात; मग दोन, तीन. हा लाभ कोणाचा, ते शब्द सांगत नाही. देणाऱ्याला तो आपला वाटतो, घेणाऱ्याला आपला. दोघांनाही तसे वाटणे, यावरच दुकान चालत आले. टिपूच्या जन्मगावी त्याची नाणी आता चालत नाहीत, कंपनीचा रुपया चालत नाही, शेरही चालत नाही. काटा स्थिर होईपर्यंत त्यावर खिळलेली गिऱ्हाइकाची नजर मात्र तीच आहे. ज्या राज्यात त्या नजरेला काटा वाचता येतो, त्या राज्याचे माप पुरे भरले असे समजावे.