कप्तान नेमोचा स्वदेश

सार्वजनिक ग्रंथालयांतून अद्भुत आणि वैज्ञानिक कादंबऱ्या बहुधा मुलांच्या कपाटात ठेवलेल्या आढळतात. ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराच्या वाट्याला तर हे स्थान कायमचेच आले आहे. पाणबुडी, चंद्रप्रवास, विमान यांची चित्रे त्याने आधीच रेखाटली, एवढे सांगून त्याची ओळख संपविण्यात येते. परंतु १८५७ च्या उठावाची छाया या लेखकाच्या दोन मोठ्या कथांवर पडलेली आहे. त्यांपैकी एकीत बुंदेलखंडाचा एक राजपुत्र आहे, तर दुसरीत साक्षात नानासाहेब पेशवे आहेत. ग्वाल्हेर, इंदूर आणि औरंगाबाद या बाजूच्या वाचकांना तरी ही गोष्ट परकी वाटू नये.

व्हर्नचा जन्म १८२८ साली नांत या बंदराच्या गावी झाला. हिंदुस्थान त्याने कधीही पाहिला नाही; नकाशे, प्रवासवर्णने आणि वृत्तपत्रे एवढ्याच सामग्रीवर त्याने आपला हिंदुस्थान उभा केला. १८६९-७० मध्ये ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ ही त्याची कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा नायक कप्तान नेमो ‘नॉटिलस’ नावाच्या पाणबुडीतून सर्व समुद्र पालथे घालतो आणि एका विशिष्ट राष्ट्राची जहाजे बुडवितो. ते राष्ट्र कोणते आणि नेमो कोणत्या देशाचा, याचा उलगडा त्या कादंबरीत अखेरपर्यंत होत नाही.

या मौनाला एक कारण होते. व्हर्नच्या मूळ योजनेत नेमो हा पोलंडचा सरदार होता. १८६३ साली पोलंडने रशियाविरुद्ध उठाव केला आणि तो निर्दयपणे चिरडण्यात आला. त्याचा सूड हा सरदार घेणार होता. परंतु रशियात पुस्तकांना मोठा ग्राहकवर्ग असल्यामुळे प्रकाशक एत्झेल यांनी या योजनेस हरकत घेतली. नायकाचा देश पुसला गेला, तरी त्याच्या खोलीतील चित्रांत पोलंडचा स्वातंत्र्यवीर कोसियुश्को राहून गेला. सिंहलद्वीपाजवळच्या प्रसंगात आणखी एक खूण सापडते. शार्कच्या जबड्यातून वाचविलेल्या एका गरीब हिंदी पाणबुड्याच्या हाती नेमो मोत्यांची थैली ठेवतो आणि आपणही पीडित देशातीलच आहोत, असे सुचवितो.

पुढे १८७४-७५ मध्ये ‘रहस्यमय बेट’ ही कादंबरी आली आणि तीत पडदा उघडला. मरणोन्मुख नेमो आपली हकीकत सांगतो. तो बुंदेलखंडाच्या राजाचा पुत्र, राजकुमार डक्कर. दहाव्या वर्षी त्याला युरोपात शिक्षणासाठी पाठविण्यात आले. तिशीपर्यंत तिथे राहून त्याने शास्त्रे आणि कला आत्मसात केल्या, त्या केवळ आपला देश एक दिवस मुक्त व्हावा म्हणून. १८५७ मध्ये तो रणात उतरला, अनेकदा जखमी झाला, आणि पराभवानंतर उरलेली संपत्ती घेऊन त्याने एका निर्जन बेटावर आपली पाणबुडी बांधली. व्हर्नने त्याला टिपू सुलतानाचा पुतण्या केले आहे. म्हैसूर आणि बुंदेलखंड यांची ही सोयरीक पाहून हसू येईल. परंतु साम्राज्ये भरात असताना युरोपातील सर्वांत लोकप्रिय लेखकांपैकी एकाने जगातील सर्वांत प्रगत यंत्राचा निर्माता एक हिंदी बंडखोर ठरविला, ही गोष्ट या चुकीपेक्षा फार मोठी आहे.

इंग्रजी वाचकांना मात्र हा नेमो दीर्घकाळ भेटलाच नाही. पाणबुडीच्या कादंबरीचा पहिला इंग्रजी अनुवाद मर्सियर नावाच्या धर्मोपदेशकाने केला आणि तीत जवळजवळ पाव हिस्सा मजकूर गाळला. ‘रहस्यमय बेटा’चा १८७५ चा किंग्स्टन यांच्या नावावरील अनुवाद तर एक पाऊल पुढे गेला. इंग्रजांनी हिंदुस्थानात शांतता आणि समृद्धी आणली, काही महत्त्वाकांक्षी राजांनी लोकांना भडकविले, असा मजकूर त्यात घालण्यात आला. व्हर्नच्या मूळ ग्रंथात याच्या नेमके उलट आहे. आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी व्हर्न इंग्रजीतून आणि तोही बहुधा संक्षिप्त रूपात वाचला. म्हणून आपल्याच बंडखोराची कैफियत आपल्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच बदललेली होती.

व्हर्नला हिंदुस्थानचा निःसंशय कैवारी मानणे मात्र घाईचे ठरेल. १८८० साली त्याने ‘वाफेचे घर’ ही कादंबरी लिहिली. तिचा आरंभ औरंगाबादेत होतो. नानासाहेबांना पकडून देणाऱ्यास दोन हजार पौंडांचे इनाम जाहीर झाले आहे आणि ते वेरूळच्या लेण्यांत दडले आहेत. दुसरीकडे पोलादी हत्तीच्या आकाराचे एक वाफेचे इंजिन दोन चाकांची घरे ओढीत उत्तर हिंदुस्थानातून चालले आहे. त्यात बसलेला कर्नल मन्रो कानपूरच्या हत्याकांडाचा सूड घेऊ पाहतो. इतिहासातील नानासाहेब १८५९ च्या सुमारास नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले; कादंबरीतले नानासाहेब मात्र निव्वळ खलपुरुष आहेत.

एकाच लेखणीने एकाच उठावातील दोन माणसे अशी भिन्न रंगविली. काल्पनिक राजपुत्राला त्याने सहानुभूती दिली आणि खऱ्या पेशव्याला तिरस्कार. यंत्रांचीही वाटणी पाहण्यासारखी आहे. नॉटिलस हिंदी माणसाच्या बुद्धीतून आणि धनातून निर्माण होते. पोलादी हत्तीचे रूप हिंदी असले, तरी तो इंग्रज अभियंत्याने घडविलेला असून इंग्रजांनाच वाहून नेतो. विज्ञान कोणाच्या हाती आहे आणि ते कोणासाठी राबते, हा प्रश्न या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे आपोआप उभा राहतो.

मराठीत व्हर्नची परंपरा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘केरळ कोकिळ’ मासिकातून त्याच्या चंद्रप्रवासाचे रूपांतर आले, पुढे भा. रा. भागवतांनी त्याला किशोरवाचकांच्या घरोघरी नेले. त्या गोडीवर वाढलेल्या वाचकांनी आता प्रौढपणी या लेखकाकडे पुन्हा वळावे. प्रथम पाणबुडीची कादंबरी, मग ‘रहस्यमय बेट’ आणि शेवटी ‘वाफेचे घर’, असा क्रम ठेवावा. ‘रहस्यमय बेटा’चा सिडनी क्रावित्झ यांनी केलेला संपूर्ण इंग्रजी अनुवाद २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे. ग्रंथपालांनी नवी प्रत मागविताना मुखपृष्ठावरील चित्रापेक्षा अनुवाद संपूर्ण आहे की संक्षिप्त, हे आधी पाहावे आणि ती प्रत प्रौढांच्या कपाटात ठेवावी.