नकाशाला विचारलेला प्रश्न

नकाशाला रोजच्या भाषेत प्रश्न विचारण्याची खटपट जुनीच आहे. १९८०च्या सुमारास एडिंबरा विद्यापीठात डेव्हिड वॉरन आणि फर्नांडो परेरा यांनी ‘चॅट-८०’ हा प्रोग्राम रचला. इंग्रजी प्रश्नाचे तर्कसूत्र करून तो जगाच्या भूगोलाच्या माहितीत उत्तर शोधी. त्यातला एक प्रश्न आम्हांला फार आवडतो: भूमध्य समुद्रालगतच्या कोणत्या देशाच्या शेजाऱ्याचा शेजारी लोकसंख्येने भारताहून मोठा आहे? उत्तर आले, तुर्कस्तान. कारण त्याचा शेजारी सोव्हिएत संघ, आणि संघाचा शेजारी चीन! १९९१मध्ये संघ फुटला. २०२३मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार, भारताने चीनला मागे टाकले. आता उत्तर ‘एकही नाही’. नकाशाला जोडलेला आजचा एआय सहायकही प्रश्नाचे रूपांतर करून मागच्या माहितीसाठ्यालाच विचारतो. तो साठा कोणत्या सालचा, हे वर्गात आधी पाहावे लागते.