सबव्हर्जन की गिट: जुना कोड कधी हलवावा?

यूपीआय चालवणारी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. २०२४ मध्ये तिने ‘फाल्कन’ हे ब्लॉकचेनसाठीचे साधन खुले केले आणि त्याचा कोड गिटहबवर ठेवला. आज नवा प्रकल्प सुरू करणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच करेल. प्रश्न पडतो तो दहा-पंधरा वर्षे सबव्हर्जनवर नीट चाललेल्या कोडचा.

दोन्ही साधने आवृत्ती नियंत्रणाची आहेत. कोणी, कधी, काय बदलले याची नोंद ती ठेवतात आणि चुकले तर मागे जाऊ देतात. सबव्हर्जनची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ ची. त्याआधीच्या सीव्हीएसमधले दोष काढण्यासाठीच ते लिहिले गेले. गिट लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिले.

खरा फरक इतिहास कुठे राहतो याचा. सबव्हर्जनमध्ये तो एका सर्व्हरवर असतो. तुमच्या संगणकावर येते ती फक्त कामापुरती प्रत, त्यामुळे नोंद करायला सर्व्हरशी जोडणी लागतेच. गिटमध्ये साधारणपणे प्रत्येकाकडे पूर्ण इतिहास उतरतो. लोकलमध्ये रेंज नसली तरी नोंद करता येते, ती नंतर पाठवली की झाले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठीकाठच्या सखल भागात तळमजल्यावर एकच सर्व्हर आणि बॅकअप नाही, अशी व्यवस्था असेल तर पाण्यासोबत सगळा इतिहासही जाऊ शकतो. गिटमध्ये तो सहकाऱ्यांच्या लॅपटॉपवरून बराचसा परत मिळतो. अर्थात, कोणी उतरवूनच न घेतलेली शाखा मिळणार नाही, म्हणून बॅकअप दोन्हीकडे लागतोच.

मग जुने टाकूनच द्यावे का? नाही. डिझाइनच्या, व्हिडिओच्या मोठ्या फायली असतील तर सबव्हर्जन अजून सोयीचे पडते. फाइलला कुलूप लावता येते, हवा तेवढाच फोल्डर उतरवता येतो, फोल्डरनिहाय परवानगीही देता येते. गिटमध्ये कुलपासाठी एलएफएससारखी जोड लागते आणि एका भांडारातला अर्धा कोड लपवणे अवघडच. वर्डप्रेसच्या प्लगइन संग्रहात प्लगइन चढवायचे तर आजही सबव्हर्जन वापरावे लागते.

पण नवीन मुले गिटच शिकून येतात, कोड तपासणीची साधने गिट धरूनच बनतात, आणि गिटहबने जानेवारी २०२४ मध्ये सबव्हर्जनचा आधार काढला. रोज चार-पाच जण एकाच कोडमध्ये हात घालत असतील, तर माझ्या मते हलवावे. वर्षातून दोनदा दुरुस्ती होणारा जुना कोड असेल तर राहू द्यावा.

हलवताना ‘गिट एसव्हीएन’ ही आज्ञा इतिहासासकट कोड आणते. मोठ्या भांडारासाठी ती रात्रभरही चालते. आधी वापरकर्तानावांसमोर खरी नावे आणि ईमेल लिहिलेली यादी तयार ठेवा, नाहीतर दहा वर्षांच्या नोंदी अर्धवट नावांनी येतील. जुन्या फायलींत कधीकाळी डेटाबेसचा पासवर्ड राहिला असेल तर तो आधी बदला, कारण गिटमध्ये तो इतिहासासोबत प्रत्येक लॅपटॉपवर पोचतो. जुना सर्व्हर लगेच बंद करू नका. काही महिने तो फक्त वाचण्यापुरता ठेवा, कारण जुन्या तक्रारींमध्ये ‘आवृत्ती ४१२० मध्ये दुरुस्त केले’ असे लिहिलेले असते आणि गिटमध्ये असे ओळीने वाढणारे क्रमांक नसतात.