पुढील भागाचा तगादा

इतिहासाच्या दप्तरांत धरणगावाची नोंद सापडते ती वखारीच्या व पलटणीच्या निमित्ताने. 1674 साली येथे इंग्रजांची वखार होती, पुढच्याच वर्षी मराठी फौजेने येथील पेठ लुटली आणि 1825 मध्ये औट्रमने भिल्ल पलटणीचे ठाणे येथेच उभारले. या गाजलेल्या प्रकरणांपुढे एका निरुपद्रवी शिरस्त्याची दखल कोणी घेतली नाही, आणि तो शिरस्ता म्हणजे आवडत्या ग्रंथमालेच्या पुढील भागासाठी वाचकांनी धरलेली आस.

मराठीत या आशेचा पाया घातला तो नियतकालिकांनी. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ‘विविधज्ञानविस्तारा’तून क्रमशः येऊ लागली आणि 1890 मध्ये हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही यमूची कहाणी आठवड्यामागून आठवडा वाचकांपुढे मांडली, तेव्हा वर्गणीदाराचे मन टपालाच्या वेळापत्रकाशी जखडले गेले. त्याच 1890 च्या ऑगस्टमध्ये धरणगावी त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म झाला. 1907 च्या जळगाव येथील कविसंमेलनात कर्नल कीर्तिकरांनी त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिल्यावर त्यांच्या पुढील कवितेची वाट रसिक उत्कंठेने पाहू लागले. परंतु 5 मे 1918 रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला आणि अवघ्या सत्तावीस वर्षांच्या त्या आयुष्याबरोबर रसिकांची ती अपेक्षाही कायमची अपुरी राहिली.

कवितेची आस अशी मृत्यूने तोडली, तरी कथामालेची आस उत्तरोत्तर बळावत गेली. बाबुराव अर्नाळकरांनी झुंजार व काळापहाड यांच्या कारवायांनी भरलेल्या एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. वाचकांच्या मागणीचे बळ पाठीशी नसते, तर एवढा प्रचंड व्याप एका लेखकाच्या हातून पार पडताच ना. पुढे नारायण धारपांनी (1925–2008) शहराच्या नित्य व्यवहारातच अद्भुताला जागा करून दिली. त्यांच्या कथांत अनिष्ट शक्ती अवतरते ती दूरच्या अरण्यात नव्हे, तर भाड्याने घेतलेल्या घरात, एखाद्या बंद खोलीत, नोकरदार गृहस्थाच्या ओळखीच्या आयुष्यात. आणि तिच्याशी झुंज घेण्यास पाचारण होते ते धारपांचे नायक समर्थ यांना. समर्थांची एक कथा हातावेगळी होताच त्यांचा पूर्ववृत्तान्त काय असेल, त्यांची विद्या शिष्याकडे कशी जाईल, पराभूत शक्ती पुन्हा उठेल काय, असे प्रश्न वाचकाच्या मनात उभे राहत, आणि हीच ग्रंथमालेची खरी कमाई होय.

अशा मालेचे पुस्तक वाचनालयात हाती घेऊन पाहावे. पुठ्ठ्याची बांधणी सैल झालेली, पानांचे कोपरे दुमडून मऊ पडलेले आणि आतल्या बाजूस डकवलेल्या कागदावर परतीच्या तारखांचे शिक्के एकाखाली एक दाटलेले असतात. त्या शिक्क्यांमधील अंतर जितके थोडे, तितकी त्या पुस्तकावर नंबर लावून बसलेल्या वाचकांची रांग मोठी, हे ग्रंथपालाला न सांगता कळते.

या ओढीला हलक्या अभिरुचीचे लक्षण मानण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ती अन्यायाची आहे. कॉनन डॉइलने 1893 साली शेरलॉक होम्सला मारले, तरी वाचकांच्या आग्रहाचे आणि प्रकाशकांनी देऊ केलेल्या मोबदल्याचे वजन असे पडले की 1903 मध्ये त्याला तो परत आणावा लागला. वाचकाचा तगादा हा लेखकावरील विश्वासाचा पुरावा असतो, कारण ज्याच्याकडून काही मिळण्याची आशा नाही त्याच्या दारी कोणीही मागणे घेऊन जात नाही. पुढचा भाग कसा असावा याचे तर्क लढवणारा वाचक त्या कथेच्या निर्मितीत आपल्या परीने भागीदार झालेला असतो.

म्हणून तालुक्याच्या गावातील ग्रंथपालांना व वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांना विनंती अशी की, कथामालेचा पहिला भाग घेऊन पुढचे भाग मागवण्यात टाळाटाळ करू नये आणि मधला भाग गहाळ झाल्यास तो अगत्याने भरून काढावा. वाचकांनीही आपली मागणी तोंडी न ठेवता सूचनावहीत लेखी नोंदवावी. मालेतील भाग क्रमाने हाती पडत राहिले, तरच नवा वाचक तयार होतो, आणि वाचक टिकला तरच पुढचा भाग लिहिण्याची उमेद लेखकाला राहते.